भिकाभाऊंनी मशीन जुंपून पाहिलं

शाळेत क्लार्क होतो. पस्तीस वर्षं दाखले लिहिले, रजेचे अर्ज लिहिले, पण माणसाबद्दल कधी काही लिहिलं नाही. दाखल्यात माणूस तीन ओळींत संपतो. भिकाभाऊ तीन ओळींत बसत नाहीत, म्हणून ही पानं हाती घेतली. लिहिताना काही इकडचं तिकडे झालं तर ती चूक माझी समजावी.

भिका श्रावण शिरसाठ हे त्यांचं पूर्ण नाव. शिंदखेडा तालुक्यात हे नाव विचारलं तर कोणी घर दाखवणार नाही. 'भिका पत्रेवाला' म्हटलं की लहान मूलसुद्धा बोट करतं. दोंडाईचाच्या आसपासच्या वीस-पंचवीस गावांत घरांवर, गोठ्यांवर, शाळांवर आणि आमच्या विहारावरसुद्धा जे पत्रे आहेत, त्यांतले निम्मे त्यांनी टाकलेले. वैशाखात वावटळ येते तेव्हा दोन-चार घरांचे पत्रे उडतातच. दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाभाऊ मोटारसायकल काढून निघतात आणि कोणाकोणाचे उडाले ते पाहून येतात. आपला एकही उडालेला नाही एवढी खात्री झाली की मगच घरी येऊन भाकरी खातात.

दुसऱ्याच्या कामाला ते कधी वाईट म्हणत नाहीत. कोणाच्या घरी गेले आणि वरचा पत्रा नीट बसलेला नसला, तर मान वर करून एवढंच म्हणतात, "हवा खेळती शे." ज्याला कळतं त्याचा चहा कडू होतो. एकदा मात्र मला म्हणाले, "भाऊसाहेब, पत्रा वाराघाई नही उडस, आळसघाई उडस." वाऱ्याने नाही, टाकणाऱ्याच्या आळसाने उडतो, असा त्याचा अर्थ.

चार वर्षांपूर्वी एका गोठ्यावर काम करताना ड्रिल मशीनच्या वायरीत त्यांचा पाय अडकला आणि ते वरून खाली आले. खाली कडब्याची गंजी होती म्हणून जीव वाचला, पण उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यापासून कोणीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच असे, "हात बरा शे." तेव्हापासून ते चहाचा कप डाव्या हातानं धरतात. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी बोललो नाही. माझा स्वभावच तसा आहे.

त्यांची मुलगी दीपमाला रावेरकडे दिलेली आहे. तिने बचत गटातल्या बायकांना बरोबर घेऊन केळी पॅक करण्यासाठी शेताच्या कडेला शेड उभं करायला घेतलं. जावई प्रशील हुशार माणूस. जुन्या जिनिंग मिलचं मोडीत निघालेलं लोखंड त्याने स्वस्तात आणलं आणि सांगाडा उभा केला. लोखंड असं जाड, की आजकाल तसं कोणी वापरत नाही. पत्रे आले, टोकानेच लोखंडात भोक पाडत जाणारे स्क्रू आले. विजेचं कनेक्शन मात्र आलं नाही. खांब उभे होते, तारा नव्हत्या.

चैत्रात भिकाभाऊ शेड पाहायला गेले आणि पाहता पाहता म्हणाले, "पत्रे मी टाकसू."

दीपमालाच्या सासूबाई धुरपदाबाई तिथेच केळीची पानं झाडत होत्या. त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुम्ही आता खाली खुर्ची टाकून बसा. वर पोरं चढतीन."

"खुर्चीवरून पत्रा दिसस नही, अक्का."

"दिसत नाही तं बरं आहे. पडले तं आम्हालेच उचला लागीन."

प्रशीलने जळगावच्या एका ठेकेदाराशी बोलून ठेवलं होतं. ठेकेदार जनरेटर आणणार होता. भिकाभाऊ म्हणाले, जनरेटर म्हणजे वायर, आणि वायर माझ्या पायात पुन्हा नको. मग प्रशीलने सांगितलं की हल्ली बॅटरीवर चालणारी मशीन मिळतात. केळी घेणाऱ्या कंपनीची माणसं महिनाअखेर शेड बघायला येणार होती, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. "बाबा, रविवारपर्यंत या लोखंडात स्क्रू घालील असं मशीन तुम्ही आणलं, तर पत्रे तुमचे. नाही आणलं, तर सोमवारी ठेकेदार."

निघताना दीपमाला स्टेशनवर म्हणाली, "बाबा, माझ्या छपराला दुसऱ्याचा हात लागू नये असं मलाही वाटतं. पण तुमचा हात..." आणि तिने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. भिकाभाऊंनी हात खिशात घातला. हे मला नंतर तिनेच सांगितलं.

गुरुवारी सकाळी भिकाभाऊ माझ्या दारात उभे राहिले.

"भाऊसाहेब, तुम्हले इंग्रजी येस ना?"

"थोडंफार."

"मंग चला धुळे. खोक्यावरचं वाचायला माणूस पाहिजे."

स्टँडवर गेलो तर तिथे हातात काठी आणि खांद्यावर रुमाल घेतलेले नथ्थूभाऊ उभे. नथ्थूभाऊ म्हणजे दोंडाईचाच्या बैलबाजारातले दलाल. तीस वर्षांत त्यांनी घेऊन दिलेला एकही बैल शेतात बसला नाही, अशी त्यांची ख्याती. मी भिकाभाऊंना हळूच विचारलं, "हे कशाला?"

"जोर ओळखणारा माणूस यांच्यापेक्षा दुसरा कोण शे?"



भिकाभाऊंच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. कंडक्टरने हटकलं, "बाबा, काय आहे ते?"

"छप्पर."

"काय?"

"मनी पोरनं छप्पर शे." माझ्या पोरीचं छप्पर, असं म्हणत त्यांनी गोणपाट उघडून दाखवलं. आत त्या जिनिंगच्या लोखंडाचा दोन फुटी तुकडा होता. रावेरहून येताना त्यांनी तो प्रशीलकडून कापून घेतला होता आणि रेल्वेने मांडीवर ठेवून आणला होता. कंडक्टरने तुकड्याकडे पाहिलं, भिकाभाऊंकडे पाहिलं आणि घंटी मारली.

आमच्याकडे बैल घेण्याची एक रीत आहे. खुंट्यावर उभा असलेला बैल कितीही देखणा असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. गाडीला जुंपतात, गाडीत सात-आठ माणसं बसवतात, चाकाला दोर बांधून चाक फिरू देत नाहीत, आणि मग हाकतात. ओढली तर बैल खरा. नाही ओढली तर पुढच्या खुंट्याकडे चालायचं. बसमध्ये नथ्थूभाऊ हेच मला समजावून सांगत होते, आणि मी बैल घ्यायला निघालो आहे असं क्षणभर मलाही वाटायला लागलं.

धुळ्याला आग्रा रोडच्या एका गल्लीत अवजारांचं मोठं दुकान आहे. काचेचा काउंटर, वर पंखे, भिंतीला टांगलेली रंगीबेरंगी मशीन. काउंटरवर मालकाचा मुलगा तेजस होता. तिशीचा, बोलायला गोड. मागे गादीवर त्याचे वडील मोतीलालशेठ चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत बसले होते.

"या नाना. काय दाखवू?"

"बॅटरीवर स्क्रू फिरवणारं मशीन," भिकाभाऊ म्हणाले.

"म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. टॉर्क किती पाहिजे?"

"पुरे इतला."

"पुरेसा म्हणजे किती न्यूटन मीटर?"

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी अकरावीत विज्ञान शिकलो होतो, पण त्याला आता पन्नास वर्षं झाली. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

तेजसने एक भलंमोठं खोकं काढलं. हिरवंगार मशीन, जाडजूड बॅटरी. मी खोक्यावरचा आकडा वाचला, "पाचशे वीस."

"बापरे," भिकाभाऊ म्हणाले.

"कोणी मोजलं?" नथ्थूभाऊंनी विचारलं.

"कंपनीने, आबा."

"विकणाऱ्यानं सांगितलेलं वय कधी धरू नये." नथ्थूभाऊंनी मशीन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि पुढच्या भोकात डोळा लावला. "याचे दात कोठे शेत?"

"गिअर आत असतात. दिसत नाहीत."

"तोंड दाबून ठेवलेला बैल आम्ही घेत नाही, शेठ."

तेजस हसला. त्याला वाटलं थट्टा चालली आहे. तेवढ्यात भिकाभाऊंनी गोणपाट सोडलं, दोन फुटी तुकडा दुकानाच्या पायरीवर आणला, खिशातून सुती दोर काढला आणि पायरीजवळच्या लोखंडी रॅकच्या पायाला तो तुकडा करकचून बांधायला सुरुवात केली.

"नाना, हे काय?"

"जुंपून पाहणार."

"अहो, ट्रायलला आमच्याकडे लाकडाचा ओंडका आहे."

"मनी पोरनं छप्पर लाकडाचं नही शे."

गादीवरून मोतीलालशेठ पेपरमागून म्हणाले, "दाखव रे त्यांना. ट्रायलचंच मशीन आहे ना?"

भिकाभाऊंनी स्क्रूच्या डोक्यावर बसणारी गोटी मशीनच्या तोंडात घातली, शेडसाठी आलेल्यांतला एक स्क्रू टेकवला, गुडघ्यावर बसले आणि चाप ओढला. पहिला स्क्रू लोखंडात गेला. दुसरा गेला. तिसरा जाताना मशीनचा आवाज खाली आला. चौथ्याला ते कण्हलं. पाचवा अर्ध्यात असताना कसलासा करपलेला वास आला आणि मशीन गप्प झालं.

"बसला," नथ्थूभाऊ म्हणाले.

तोपर्यंत पायरीसमोर पाच-सहा जण उभे राहिले होते. गल्लीत कोणी जमिनीवर दोर बांधून काही करत असेल तर माणसं थांबतातच. त्यांतला एक मागच्याला म्हणाला, "बसला, बसला." मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितलं.

तेजसचा चेहरा उतरला. "हे हलक्या कामासाठी आहे, नाना. आकडे जरा... वाढवून छापतात कोणी कोणी. थांबा." त्याने दुसरं मशीन आणलं. लांबलचक, काळं, जड. हे ड्रिल होतं. भिकाभाऊंचे डोळे चमकले. त्यांच्या जुन्या वायरवाल्या मशीनसारखंच ते दिसत होतं.

चाप ओढताच मशीनने त्यांच्या हाताला असा झटका दिला की मी दोन पावलं मागे सरलो. भिकाभाऊ हलले नाहीत. पहिला स्क्रू गेला, दुसरा गेला. प्रत्येक वेळी मशीन हातातून फिरून जाऊ पाहत होतं आणि ते दोन्ही हातांनी त्याला आवळून धरत होते. सहाव्या स्क्रूला त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. सातवा स्क्रू लोखंडात अडकला आणि स्क्रूऐवजी मशीनच गर्रकन फिरलं. भिकाभाऊंनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं.

"हाई खरा जनावर," ते श्वास टाकत म्हणाले. "हेच द्या."

नथ्थूभाऊंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

तेजस म्हणाला, "नाना, घ्यायचं तर घ्या. पण तुमचं काम याचं नाही. एकदा हे बघा, मग ठरवा." आणि त्याने काउंटरखालून एक छोटंसं मशीन काढलं. वीतभर लांब. मी खोक्यावरचा आकडा वाचला, "एकशे सत्तर."

गर्दीतून कोणी हसलं. भिकाभाऊ म्हणाले, "हाई ते वासरू शे."

"चालवून तर बघा."

बघायचं म्हणून त्यांनी स्क्रू टेकवला आणि चाप ओढला. मशीनने एकदम टकटकटकटक असा आवाज सुरू केला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. भिकाभाऊंनी लगेच चाप सोडला.

"हा ते वरडी ऱ्हायना!" हा तर ओरडतोय.

"ओरडू द्या. स्क्रू बघा."

स्क्रू लोखंडात पूर्ण गेला होता. भिकाभाऊंनी तो बोटाने हलवून पाहिला. हलला नाही. त्यांनी दुसरा लावला. टकटकटक, गेला. तिसरा, चौथा, दहावा. पंधरा स्क्रू ओळीने बसले. कपाळ कोरडं होतं. भिकाभाऊ उठले, मशीन तेजसच्या हातात दिलं आणि म्हणाले, "नको. याम्हा जोर नही."

तेजस थक्क झाला. "नाना, पंधराच्या पंधरा गेले!"

"बठ्ठा गया, पंधराही. पण जोर लागला नही."

"मग ते गेले कसे?"

"ते मला माहीत नही. जोर असला ते कळस."

नथ्थूभाऊंनी काठी टेकली आणि पुढे येऊन सावकाश विचारलं, "भिका, हात दुखना का?"

"नही दुखना."

"मंग?"

"मंग काय मंग! जोर ऱ्हाता ते हात दुखता नही का? रोज दुखस!"

हात रोज दुखतो, हे आपण बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. नथ्थूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "रोज?" भिकाभाऊ त्या लोखंडाच्या तुकड्याकडे पाहत उभे राहिले. चार वर्षं 'बरा शे, बरा शे' म्हणून झाकून ठेवलेला हात धुळ्याच्या गल्लीत, अनोळखी माणसांसमोर उघडा पडला होता.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी खोकं पुन्हा वाचायला घेतलं.

तेव्हा गादीवरून मोतीलालशेठ उठून आले. त्यांनी चष्मा डोळ्यावर घेतला आणि म्हणाले, "भिकाभाऊ, गंजलेला नट सुटत नाही तेव्हा तुम्ही काय करता?"

"पाना लावतो, अन पान्यावर हातोडी मारतो."

"नुसता पाना ओढला तर?"

"हात निखळेल."

"हातोडी मारली तर?"

"नट निखळस." भिकाभाऊ हे बोलले आणि थांबले.

"या वासराच्या पोटात हातोडी आहे. फिरता फिरता ती आतल्या आत मारते. तोच तो टकटक आवाज. मार सगळा स्क्रूला बसतो, हाताला काय लागणार? ते मघाचं काळं मशीन नुसता पाना आहे. लोखंड हटलं नाही तर ते तुम्हालाच फिरवतं."

भिकाभाऊंनी मशीन परत हातात घेतलं. कानाजवळ नेऊन हलकेच हलवलं, जणू आतली हातोडी वाजते का ते बघत होते. आणखी एक स्क्रू घातला, या वेळी डोळे मिटून. मग मनगट वळवून पाहिलं. "हाऊ काय प्रकार शे," ते स्वतःशीच म्हणाले.

तेजस बिल करायला वळला, पण नथ्थूभाऊंनी काठी आडवी धरली. "थांबा शेठ. सकाळचा बैल कोणतापण पळस. मला संध्याकाळचा दाखवा."

"म्हणजे?"

"थकल्यावर किती ओढतो ते."

तेजसने वडिलांकडे पाहिलं. मोतीलालशेठ म्हणाले, "बरोबर बोलतात ते. बॅटरी उतरल्यावर सगळ्यांचा जोर कळतो." आणि पुन्हा पेपर घेऊन बसले.

मग साडेअकरापासून त्या पायरीवर जे चाललं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. स्क्रू आत घालायचा, बाहेर काढायचा, पुन्हा घालायचा. लोखंडाची चाळण झाली. भिकाभाऊंनी हळूहळू गर्दीतल्यांनाही मशीन धरायला दिलं, कारण मशीन थकवायचं होतं आणि एकट्याने ते थकत नव्हतं. बिजागऱ्या घ्यायला आलेल्या एका सुताराने वीस स्क्रू घातले आणि बिजागऱ्या विसरून गेला. बाजाराची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी "मला द्या बरं" म्हणून तीन घातले आणि "आमच्या यांना दाखवते" म्हणत निघून गेल्या. नथ्थूभाऊ दर अर्ध्या तासाने मशीनच्या पाठीवर हात ठेवून ताप पाहत. दोनदा चहा झाला. तेजसने तिसरा सांगितला तेव्हा तो रागावलेला नव्हता. आमच्या पायरीमुळे दुकानात दिवसभर गिऱ्हाईक येत होतं.

बॅटरीवरच्या तीन दिव्यांपैकी दोन विझले. चारच्या सुमारास शेवटचा लुकलुकायला लागला. नथ्थूभाऊ म्हणाले, "आते घाल."

भिकाभाऊंनी लोखंडाचा सगळ्यात जाड कोपरा निवडला, जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर जोडलेल्या होत्या. गुडघ्यावर बसले. गर्दी वाकली. मशीन टकटकलं, जरा मंदावलं, पुन्हा टकटकलं, आणि स्क्रूचं डोकं लोखंडाला टेकलं. त्याच क्षणी दिवा विझला.

"हाऊ घे," नथ्थूभाऊ म्हणाले आणि मशीनच्या पाठीवर थाप मारली.

भावाचं राहिलं होतं. नथ्थूभाऊंनी खांद्यावरचा रुमाल काढून आपल्या हातावर टाकला आणि रुमालाखालून तेजसची बोटं धरली. तेजसने दचकून हात मागे ओढला. बाजारात दलाल असाच भाव करतात. तोंडाने बोलत नाहीत, बोटं दाबून सांगतात. तेजसला हे कुठून माहीत असणार? तेवढ्यात मोतीलालशेठ पुन्हा उठले, शर्टाची बाही वर केली आणि आपला हात रुमालाखाली घातला. दोघांचे चेहरे दगडासारखे. मधूनच शेठची एक भुवई उडायची, मधूनच नथ्थूभाऊ जिभेने 'च्च' करायचे. शेवटी दोघांनी एकदम माना हलवल्या. शेठ म्हणाले, "वडील गेल्यानंतर आज पहिल्यांदा रुमालात हात घातला." भाव किती ठरला ते मला आजतागायत माहीत नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघे रावेरला पोहोचलो. नथ्थूभाऊंचं काम होतं, ते आले नाहीत. मी गेलो कारण खोक्यातलं माहितीचं पुस्तक मी वाचून दाखवावं असं भिकाभाऊंना वाटत होतं. प्रत्यक्षात ते कोणी उघडलं नाही.

शेडवर दोन माणसांनी पत्रे चढवले. भिकाभाऊ शिडीने वर गेले, दोरी ताणून रेघ मारली आणि पहिल्या पत्र्याला चार स्क्रू घातले. टकटकटक. प्रशील शिडीवरून पाहत होता. त्याला ते फार सोपं वाटलं. वाटणारच, भिकाभाऊंच्या हाताला काही त्रास होताना दिसत नव्हता. तो वर चढला आणि म्हणाला, "बाबा, द्या ना. हे तर कोणीही करील. तुम्ही खाली बसून सांगा."

आता भिकाभाऊ काय म्हणतात म्हणून मी वर पाहिलं. त्यांनी मशीन दिलं आणि खाली उतरले. आठवडाभर ज्या मशीनसाठी धावपळ केली ते मिळालं, आणि मिळाल्याबरोबर त्यांना खाली बसवून गेलं. धुरपदाबाईंनी खरोखरच एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. भिकाभाऊ तिच्यावर बसले. इतके बारीक दिसायला लागले की मी दुसरीकडे पाहिलं. दीपमाला शिडी धरून उभी होती. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा वर नवऱ्याकडे.

प्रशीलने जोरात काम सुरू केलं. एक ओळ संपवून वरून ओरडला, "झालं बाबा! बघा किती घट्ट बसलेत!"

भिकाभाऊ खुर्चीवरून उठले नाहीत. फक्त म्हणाले, "अक्का, एक तांब्या पाणी मिळेल का?"

धुरपदाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. "प्यायला?"

"नही. वर द्या. जावईबापू, त्या ओळीवर ओता."

प्रशीलने तांब्या वर घेतला. धुरपदाबाई तिथेच, पत्र्याखाली, वर मान करून उभ्या राहिल्या. पाणी पन्हळीतून वाहत आलं आणि ओळीच्या खालून पहिला थेंब त्यांच्या कपाळावर पडला. मग दुसरा नाकावर. मग चार-पाच ठिकाणांहून धार लागली आणि त्या पदर डोक्यावर घेत बाजूला पळाल्या.

"अरे काय केलं रे पोरा! आता पाऊस न येताच भिजलो आम्ही!"

दीपमाला पदर तोंडाला लावून हसत होती. भिकाभाऊ शांतपणे म्हणाले, "स्क्रूखाली रबर असतं, बापू. तुम्ही ते चिरडलं. पत्रा पण दबला. मशीनला जोर शे, पण कोठे थांबायचं ते त्याला कळस नही. रबर जरा फुगलं की चाप सोडायचा. त्यानंतर अर्धा फेरासुद्धा नको."

"ते कळणार कसं?"

"बोटाले कळस."

प्रशीलने आणखी दोन करून पाहिले. एक ढिला राहिला, दुसरा चिरडला. तो चढला तसा उतरला आणि मशीन खुर्चीसमोर धरलं. भिकाभाऊ ते घेण्याआधीच धुरपदाबाई पुढे आल्या. केसांतून पाणी निथळत होतं.

"व्याहीबुवा, बसले काय? चढा वर. अन ही खुर्ची," त्यांनी खुर्चीला पायाने बाजूला केलं, "माह्यासाठी आहे."

भिकाभाऊ शिडी चढले. आधी चिरडलेले स्क्रू एकेक काढले, प्रत्येकाची जागा बोटाने चाचपून पाहिली, नवे घातले. पहिली ओळ झाल्यावर ते काही म्हणायच्या आधीच धुरपदाबाई खुर्ची ओढून नेमक्या त्या ओळीखाली बसल्या आणि ओरडल्या, "दीपा, तांब्या दे वर तुझ्या बापाले!"

पाणी आलं, वाहिलं, पन्हळीतून पुढे गेलं. खाली काही पडलं नाही. धुरपदाबाई थोडा वेळ वाट पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "अजून एक ओता."

दुसऱ्या तांब्यालाही काही पडलं नाही. त्यांनी खुर्ची दुसऱ्या ओळीखाली सरकवली. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत हेच चाललं होतं. वर टकटक, मग तांब्या, मग खुर्ची पुढे. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांच्या अंगावरचं लुगडं पुरतं वाळलं होतं, आणि त्या वर पाहत म्हणत होत्या, "एखादा तं थेंब पडू द्या, व्याहीबुवा. इतकं काय अचूक?"

वर टकटक थांबली, आणि भिकाभाऊंनी पुढचा स्क्रू उजव्या हाताने उचलला.